स्वयंसेवी संस्था आणि राजकारण : कायदा भिंत कुठे घालतो, खिडकी कुठे उघडतो?



पेट आणि नेट-सेटची तयारी करणाऱ्या वाचकांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतोय. "आमच्या भागातल्या संस्थांवर संशोधन करायचंय, पण संस्था म्हटलं की राजकारण येतंच. या राजकारणाचा डेटा मिळतो कुठे?" माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं. त्यामुळे कुठल्याही विषयात माझा पहिला प्रश्न असतो की ही माहिती मुळात नोंदवली कोण जातं आणि का. संस्थांच्या बाबतीत त्याचं उत्तर कायद्यात सापडतं. कायद्याने जो रकाना छापला, त्याचीच माहिती तयार होते. जो छापला नाही, त्याची होत नाही. म्हणून आज हे कायदे संशोधकाच्या नजरेतून वाचूया. हा वकिली सल्ला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

१. 'राजकीय' म्हणजे नेमकं काय?

विट्यासारख्या तालुक्याच्या गावात शिक्षण संस्था, वाचनालयं, तालमी, गणेश मंडळं, महिला मंडळं खंडीभर असतात. सूतगिरण्या आणि पतसंस्थाही असतात, पण त्या सहकार कायद्याखाली येतात, म्हणून आज बाजूला ठेवू. एका हायस्कूलचे संस्थापक निवडणुकीला उभे राहिले तर आपल्याकडे कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. त्यात आपोआप काही बेकायदा नसतंही. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. संस्थेचा पैसा, गाडी, इमारत, माणसं निवडणुकीला लागली का? लागली असतील तर कुणाला कळणार?

इथे 'राजकीय' या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करून ठेवा, नाहीतर पुढचं सगळं घोळात जाईल.

पहिला, पक्षीय अर्थ : अमक्या पक्षाला किंवा उमेदवाराला मदत करणं.

दुसरा, धोरणाचा अर्थ : कायदा बदला, योजना आणा, निधी द्या अशी मागणी करणं.

तिसरा, आंदोलनाचा अर्थ : त्या मागणीसाठी मोर्चा, उपोषण, रास्ता रोको करणं.

आपल्या कायद्यांचा बराचसा इतिहास म्हणजे हे तीन अर्थ एकमेकांत मिसळण्याचा आणि मग कोर्टाने ते सोडवण्याचा इतिहास आहे.

२. केसरीचा खटला : राजकीय ठरल्याने काय होतं?

सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे, पण संशोधन प्रस्तावांत ते फारसं दिसत नाही.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रं पुढे चालावीत म्हणून त्याच वर्षी विश्वस्त संस्था झाली. पुढे १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला (आता त्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे). या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात. मग प्रश्न आला की केसरी-मराठा ट्रस्ट हा 'सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था' आहे का?

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'लक्ष्मण बळवंत भोपटकर विरुद्ध धर्मादाय आयुक्त, मुंबई' या नावाने १९६२ सालचा हा निकाल सापडतो. कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतूंची यादी आहे : गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि शेवटी 'सार्वजनिक उपयोगाचं इतर कुठलंही काम'. न्यायालयाने म्हटलं, राजकीय हेतू या शेवटच्या कप्प्यातसुद्धा बसत नाही. ट्रस्टचा हेतू राजकीय, म्हणून तो धर्मादाय नाही.

आता इथे जरा थांबा. विश्वस्त कुठल्या बाजूला होते? ते आयुक्तांच्या विरोधात होते. 'राजकीय' हा शिक्का त्यांना नडला नाही, उलट त्या शिक्क्यामुळे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीबाहेर राहिला. म्हणजे संस्था राजकीय आहे असं ठरल्यावर तिच्यावर जास्त उजेड पडेल, ही आपली साधी समजूत इथे उलटी पडते. कायद्याने राजकीय संस्थेकडे जास्त माहिती मागितली नाही, तिला फक्त आपल्या कुंपणाबाहेर ठेवलं.

याच्या आधीचा एक दाखलाही बघा. विठ्ठलभाई पटेल १९३३ मध्ये परदेशात वारले. मृत्युपत्रात त्यांनी संपत्तीचा तीन-चतुर्थांश भाग सुभाषचंद्र बोस यांच्या हाती, भारताच्या राजकीय उन्नतीच्या कामासाठी खर्च करायला ठेवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९३९ मध्ये ते दान मान्य केलं नाही आणि पुढे अपीलही फेटाळलं गेलं. राजकीय उन्नती हा धर्मादाय हेतू होत नाही, असा त्याचा गाभा होता.

हा विचार आला इंग्लंडातून. १९१७ च्या 'बोमन' खटल्यात तिथल्या न्यायाधीशांनी मांडलेला तर्क असा : कायदा बदलणं लोकांच्या हिताचं आहे की नाही, हे ठरवायला न्यायालयाकडे माप नाही, म्हणून त्यासाठीचं दान धर्मादाय मानता येत नाही. तर्क म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण पारतंत्र्यातल्या देशात 'राजकीय' म्हणजे जवळपास सगळंच सार्वजनिक जीवन होतं. स्वराज्यातही आपण तीच रेषा जवळपास तशीच ठेवली.

३. रास्ता रोको केला म्हणजे राजकीय का?

आता परदेशी पैशांचा कायदा. परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे आपण ज्याला एफसीआरए म्हणतो तो, पहिल्यांदा आणीबाणीत १९७६ मध्ये आला. सध्याचा २०१० चा आहे आणि १ मे २०११ पासून लागू झाला. उमेदवार, आमदार-खासदार, राजकीय पक्ष यांना परदेशी पैसा घेता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलम ३ मध्ये आणखी एक प्रकार आहे : 'राजकीय स्वरूपाची संस्था'. संस्था पक्ष नसली तरी केंद्र सरकार तिला कलम ५ खाली तशी जाहीर करू शकतं. कशावरून, हे २०११ च्या नियम ३ मध्ये सांगितलंय.

त्या नियमातलं सहावं पोटकलम असं होतं की बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो ही साधनं जी संस्था नेहमी वापरते, ती राजकीय स्वरूपाची. मग ती सार्वजनिक प्रश्नासाठी का वापरेना!

हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर आपला खानापूर तालुका आला. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप आणि त्याच सुमाराचे दुष्काळ यांतून गावाकडे परतलेल्या कामगारांची आणि शेतकऱ्यांची मुक्ती संघर्ष चळवळ इथे उभी राहिली. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीजवळ लोकांनी स्वतः उभारलेलं बळीराजा धरण हे तिचं फलित. नदीतल्या वाळूवर पहिला हक्क गावाचा, ही त्यामागची मागणी. पुढे नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदा आणि दुष्काळी तेरा तालुक्यांचा पाणीसंघर्ष तर सगळ्यांना माहीत आहे. आता सांगा, शेताला पाणी मागण्यासाठी रस्त्यावर बसलेला माणूस राजकारण करतोय का? पक्षीय अर्थाने नाही. धोरणाच्या आणि आंदोलनाच्या अर्थाने शंभर टक्के करतोय. (या चळवळींनी परदेशी पैसा घेतला असं मी म्हणत नाहीये. नियमाची व्याप्ती किती रुंद होती, ते कळावं म्हणून हे उदाहरण.)

हा नियम न्यायालयात गेला. 'इन्साफ' या संघटनेने केलेल्या खटल्यात ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कलम ५ रद्द झालं नाही, पण नियमाचा अर्थ आवळला गेला. राजकीय ध्येय नसताना केवळ सार्वजनिक प्रश्नासाठी अशी साधनं वापरणाऱ्या संस्थेला राजकीय स्वरूपाची म्हणता येणार नाही, तिचा सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियमातही तशी दुरुस्ती झाली. म्हणजे वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी पहिला बाकीच्या दोहोंपासून वेगळा काढायला २०२० साल उजाडलं.

याच कायद्याची दुसरी बाजूही नोंदवून ठेवा. परदेशी मालकीच्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांना दोषी धरलं होतं. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून 'परदेशी स्रोत' या शब्दाची व्याख्याच मागच्या तारखेपासून बदलली. आधी २०१० पर्यंत मागे नेली, मग थेट १९७६ पर्यंत. संस्थांसाठी मात्र २०२० च्या दुरुस्तीने नियम कडक झाले : प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के, मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आणि पैसा उतरवायला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं. पक्ष आणि संस्था यांना लावलेल्या मोजपट्ट्यांची तुलना हा एक चांगला संशोधन विषय आहे.

४. खिडकी आहे, पण तिचं तोंड कुणीकडे?

आतापर्यंत आपण भिंती बघितल्या. हे करू नका, ते घेऊ नका. आता पारदर्शकतेकडे येऊ. संशोधनासाठी एक सोपी युक्ती सांगते. कुठल्याही माहिती देण्याच्या नियमाला तीन प्रश्न विचारा : कोण सांगतं, कुणाला सांगतं, आणि तिसऱ्या माणसाला ते दिसतं का?

*धर्मादाय कार्यालय.* महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखालची संस्थाही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदवावी लागते, म्हणून तिच्याकडे दोन नोंदणी क्रमांक असतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षी तपासलेले हिशेब. सांगली जिल्ह्यातल्या संस्थांची ही कागदपत्रं सांगलीच्या कार्यालयात जातात. अर्ज करून नकला मागता येतात. म्हणजे खिडकी आहे, पण ती ढकलून उघडावी लागते.

आता या हिशेबाचा नमुना बघा. उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, म्हणजे परिशिष्ट ९ मध्ये, संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च पाच ठिकाणी वाटलेला असतो : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत आणि इतर धर्मादाय. धोरणासाठी पाठपुरावा, जनजागृती, आंदोलन यांना रकानाच नाही. केसरीच्या निकालाचा तर्क इथे छापील नमुन्यात उतरलेला दिसतो. राजकीय काम धर्मादाय नाही, म्हणून त्याला जागा नाही. पण काम तर होतंच. मग तो खर्च 'शैक्षणिक'मध्ये किंवा 'इतर'मध्ये जातो. बाहेरून बघणाऱ्याला 'इतर' म्हणजे गरजूंना वाटलेली वह्या-पुस्तकं की पाण्याच्या प्रश्नावरची पत्रकं, हे कळायला मार्ग नसतो.

*आयकर खातं.* ८०जी ची सवलत देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ पासून देणगीदारांची यादी १०बीडी या नमुन्यात द्यावी लागते. खिडकी मोठी आहे, पण तिचं तोंड फक्त खात्याकडे. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत. जुने शोधनिबंध वाचताना १९६१ च्या कायद्याचे क्रमांक दिसतील, गोंधळू नका.)

*गृह मंत्रालय.* एफसीआरए संस्था दरवर्षी एफसी-४ विवरण भरतात. पूर्वी दर तिमाहीला मिळालेल्या परदेशी निधीची माहिती संकेतस्थळावर टाकायचाही नियम होता. जुलै २०२२ मध्ये ती तरतूद वगळली. सरकारकडे जाणारी माहिती तशीच राहिली, लोकांकडे येणारी कमी झाली. परदेशी निधीवर संस्थांनिहाय अभ्यास करणाऱ्यांच्या डेटात याच सुमाराला एक कापलेली कडा दिसते.

*माहिती अधिकार.* सरकारकडून मोठ्या प्रमाणात निधी घेणारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरते आणि तिला थेट माहिती विचारता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अनुदानित शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांसाठी हा निकाल फार महत्त्वाचा आहे. आणि पक्ष? केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवलं होतं, पण पक्षांनी ते अमलात आणलं नाही.

*निवडणूक आयोग.* पक्षांना २०,००० रुपयांच्या वरच्या देणग्यांची यादी आयोगाला द्यावी लागते आणि ती लोकांना बघता येते. रस्त्याकडे तोंड असलेली ही खरी खिडकी.

५. एक चमत्कारिक प्राणी : इलेक्टोरल ट्रस्ट

कायद्यात एक जागा अशी आहे जिथे ना-नफा संस्था उघडपणे राजकीय असते. २०१३ च्या योजनेनुसार 'इलेक्टोरल ट्रस्ट' ही ना-नफा कंपनी असते. तिने कंपन्या आणि व्यक्तींकडून देणग्या घ्यायच्या आणि त्या वर्षातल्या देणग्यांपैकी ९५ टक्के पक्षांना द्यायच्या. रोख पैसा नाही, देणगीदाराचा पॅन हवा आणि निवडणूक आयोगाला अहवाल द्यायचा. हा अहवाल लोकांना वाचता येतो. त्यातही एक फट आहे. एका ट्रस्टला दहा कंपन्यांनी दिलं आणि ट्रस्टने तीन पक्षांना वाटलं, तर कुठल्या कंपनीचा पैसा कुठल्या पक्षाला गेला हे अहवालावरून ठरवता येत नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत बेरजा मिळतात, आतली घरं मिळत नाहीत.

याच्या उलट टोकाला निवडणूक रोखे होते, ज्यात देणाऱ्याचं नाव लोकांपासून झाकलेलंच असायचं. ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रद्द केले. खटला करणाऱ्यांत एडीआर ही संस्था होती. ही स्वतः ना-नफा संस्था. २००२ मध्ये तिच्याच याचिकेवरच्या निकालातून उमेदवारांची संपत्ती आणि गुन्ह्यांची माहिती मतदारांना मिळण्याची वाट मोकळी झाली. संस्थांनी राजकारणापासून चार हात लांब राहावं असं म्हणणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा, की हे काम कुठल्या रकान्यात टाकायचं?

६. एका सचिवांचा प्रश्न

आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या सचिवांनी मला मागे विचारलं होतं, "अगं, विधानसभेला सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून टेंभूच्या पाण्यावर प्रश्न विचारावेत म्हणतोय. पण कुणीतरी म्हणालं, संस्थेची नोंदणी जाईल. खरं का?" त्यांनी शेवटी तो कार्यक्रम केलाच नाही. कुणी अडवलं नव्हतं. नुसती भीती पुरली.

तेव्हा तीन वेगवेगळे प्रसंग मांडून बघू.

(अ) संस्था 'मतदान करा' अशी जनजागृती करते. यात पक्ष नाही, उमेदवार नाही. अडचण दिसत नाही.

(आ) संस्था सगळ्या उमेदवारांना सारखंच बोलावते, सारखेच प्रश्न विचारते, कुणाची शिफारस करत नाही. हे धोरणाच्या अर्थाने राजकीय आहे, पक्षीय अर्थाने नाही. आचारसंहितेच्या काळात सभेच्या परवानग्या लागतात, पण 'इन्साफ' निकालाचा धडा इथे उपयोगी पडतो. कार्यक्रम मंदिराच्या आवारात मात्र ठेवू नये. १९८८ च्या धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायद्याने धार्मिक स्थळांची जागा आणि निधी राजकीय कामासाठी वापरायला बंदी आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आहे.

(इ) संस्था एका उमेदवाराची पत्रकं छापते, गाड्या देते. इथे दोन गोष्टी होतात. उमेदवाराच्या लेखी संमतीने केलं तर तो त्याचा निवडणूक खर्च. विधानसभेसाठी आपल्याकडे मर्यादा ४० लाख रुपये, त्यात तो मोजला जातो. संमतीशिवाय केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा, दंड १०,००० रुपयांपर्यंत. शिवाय धर्मादाय हेतूसाठी मिळालेला पैसा दुसरीकडे वळवल्याचा प्रश्न वेगळाच.

(अ) आणि (इ) ही दोन टोकं तशी स्पष्ट आहेत. खरी मोकळी जागा (आ) आणि (इ) यांच्या मध्ये आहे. समजा एका संस्थेने निवडणुकीच्या दोन महिने आधी उमेदवाराचं नाव न घेता 'पाणी अडवणाऱ्यांना ओळखा' अशा पाट्या गावोगाव लावल्या. सगळ्यांना कळतं रोख कुणावर आहे. पण पैसा कुणाचा, किती, हे लोकांसमोर ठेवायला लावणारी नोंदवहीच आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये पक्ष नसलेले प्रचारक ठरावीक रकमेच्या वर खर्च करत असतील तर त्यांना निवडणूक आयोगाकडे नोंदणी करून खर्च दाखवावा लागतो. २०१४ च्या कायद्याने हे नियम आणखी कडक झाले, तेव्हा तिथल्या धर्मादाय संस्थांनी तक्रार केली की आम्ही साधं बोलायलाही घाबरू लागलोय. म्हणजे नोंदवही ठेवली की आपल्या सचिवांची भीती तिकडेही उगवतेच.

७. उजेड नेहमी चांगलाच असतो का?

इथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. छोट्या गावात देणगीदारांची यादी भिंतीवर लावली तर काय होईल? कारखान्याच्या विरोधातल्या आंदोलनाला ५०० रुपये देणाऱ्या शेतकऱ्याचा ऊसही त्याच कारखान्याला जायचा असतो. तोडणीची पाळी पुढे ढकलली जाईल या भीतीने तो पुढच्या वेळी खिशात हात घालणार नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच हे ओळखलं होतं. अलाबामा राज्याने काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली, न्यायालयाने ती द्यायला लावली नाही. कारण यादी उघड झाली असती तर सभासदांच्या नोकऱ्या आणि जीव दोन्ही धोक्यात होते. आपल्या रोख्यांच्या निकालातही राजकीय मताच्या खासगीपणाला किंमत दिलेली आहे. पण मोठी देणगी देऊन बदल्यात काही मिळवण्याची शक्यता असते, तिथे मतदाराचा माहितीचा हक्क वरचढ ठरला.

म्हणून 'पारदर्शकता हवी का?' हा प्रश्न संशोधनासाठी फार ढोबळ आहे. किती रकमेच्या वर, कुणाची, कुणासमोर आणि कधी, असे चार प्रश्न त्यातून काढा. माझं स्वतःचं मत विचाराल तर उजेड ताकदीच्या प्रमाणात असावा. मोठी रक्कम, मोठा खर्च, निवडणुकीच्या तोंडावरचा काळ, तिथे खिडकी रस्त्याकडे उघडावी. पाचशे रुपयांवाल्याला पडदा असू द्यावा. आत्ता आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलट आहे. छोट्या देणगीदाराचं नाव सरकारला कळतं, मोठ्या खर्चाचा हेतू लोकांना कळत नाही.

८. प्रस्ताव लिहिताना

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

*गहाळ माहिती योगायोगाने गहाळ नसते.* ज्या संस्था हिशेब वेळेवर देतात त्यांचाच अभ्यास केला, तर शिस्तीच्या संस्थांचं चित्र मिळेल आणि आपण ते सगळ्यांचं समजू. कोण विवरण भरत नाही, हाही एक चल म्हणून नोंदवा.

*रकाना आणि वास्तव वेगळं.* 'इतर धर्मादाय' हा आकडा थेट विश्लेषणात घालू नका. दहा-वीस संस्थांच्या मूळ पावत्या किंवा वार्षिक अहवाल वाचून त्या आकड्यात काय काय मिसळलंय ते आधी बघा.

*माणसं जोडा, आरोप जोडू नका.* विश्वस्तांची यादी आणि उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं दोन्ही सार्वजनिक आहेत. दोन्हींत तेच नाव सापडलं तर संबंध दिसतो, गैरव्यवहार सिद्ध होत नाही. प्रबंधात 'आढळलं' आणि 'यावरून असं वाटतं' ही वाक्यं वेगळी ठेवा. शिवाय आपल्याकडे एकाच नावाची माणसं पुष्कळ असतात. आडनाव-नाव-वडिलांचं नाव तिन्ही जुळल्याशिवाय जोडणी करू नका.

*न घडलेल्या गोष्टीही मोजा.* सचिवांनी रद्द केलेला तो कार्यक्रम कुठल्याच विवरणात येणार नाही. कायद्याच्या भीतीने काय केलं नाही, हे फक्त मुलाखतीतून कळतं. त्या मुलाखतींत नावं झाकण्याची जबाबदारी आपली. दुसऱ्यांच्या पारदर्शकतेवर लिहिताना आपल्याशी विश्वासाने बोललेल्या माणसाला उघड्यावर पाडू नये.

विषय निवडायला सोपे जावेत म्हणून तीन प्रश्न देऊन ठेवते. अनुदानित शिक्षण संस्थांनी २०१९ च्या निकालानंतर माहिती अधिकाऱ्याची नेमणूक केली का, एका तालुक्यापुरतं बघा. जुलै २०२२ च्या आधी आणि नंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्था स्वतःहून किती माहिती देतात, तुलना करा. आणि आपल्या गावातल्या एका संस्थेचे दहा वर्षांचे हिशेब घेऊन निवडणुकीच्या वर्षी कुठला खर्चाचा रकाना फुगतो, ते बघा. तिसऱ्याला फार मोठा निधी लागत नाही. एक अर्ज, नकलांचे पैसे आणि सांगलीच्या दोन-तीन फेऱ्या, एवढ्यात सुरुवात होते.

पुढच्या लेखात धर्मादाय कार्यालयात नकलांसाठी अर्ज कसा लिहायचा आणि मिळालेल्या पत्रकांतून तक्ता कसा बनवायचा, ते एका नमुन्यासकट बघू. कुणी यावर काम सुरू केलं असेल तर जरूर कळवा.